खुल्या रंगमंचावर शब्द दोनदा का ऐकू येतात?

प्रश्न : उद्यानातल्या खुल्या रंगमंचावर मागच्या रांगांसाठी जादा स्पीकर लावले, तर प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. काय चुकतं?

उत्तर : वेळ जुळवायची राहिली आहे. हवेतून आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, तारेतून मात्र लगेच पोचतो. जादा स्पीकर मुख्य स्पीकरपासून ३० मीटर पुढे असेल, तर मिक्सरवर, म्हणजे आवाज नियंत्रित करायच्या यंत्रावर, त्याला ८८ मिलिसेकंद उशीर द्या. वर आणखी १०-१५ द्या, म्हणजे बोल नटाच्याच तोंडून आल्यासारखा वाटतो. अंतर पडद्यापासून मोजू नका, तिथेच घोळ होतो. मग माइकसमोर टाळी वाजवायला सांगून मागच्या खुर्चीत बसा. ‘टप्‌-टप्‌’ ऐकू आलं, तर अजून जुळलेलं नाही. नुसता आवाज वाढवू नका, दोष आणखी उठून दिसतो. आणि माइकला फोमची टोपी हवीच. वाऱ्याची घरघर हळवे संवाद गिळून टाकते.