भातावरच्या कोळ्याचं मॉडेल : आधी आर्द्रतेचा रकाना तपासा

हवामानावरून भातावरच्या कोळ्याची (माइट, डोळ्यांना जेमतेम दिसणारी कीड) संख्या सांगणारं मॉडेल तुम्ही बनवताय, त्याचा तुम्ही टाकलेला ग्राफ बघितल्या बघितल्या दुखणं ओळखलं. तापमान बदललं की मॉडेल हलतंय, आर्द्रतेचा कोइफिशियंट (तिचा परिणाम किती ते सांगणारा आकडा) मात्र शून्याला चिकटलाय, आणि गाईड म्हणतात लोंबीवरच्या कोळ्याला आर्द्रतेचं काही पडलेलं नसतं. असतं हो! एमएस्सीला माझं काम याच कोळ्यावर होतं (स्टेनिओटार्सोनिमस स्पिंकी), गोदावरी डेल्टात, खरीप भातावर. लॉजिस्टिक (मर्यादेपर्यंतच होणारी वाढ), डिग्री-डे (साठत जाणाऱ्या उष्णतेचा हिशोब) वगैरे तुम्हाला येतंच, ते सोडतो.

शीटमधली आर्द्रता कुठल्या वेळेची आहे ते बघा. कृषी हवामान वेधशाळेत नोंद दोनदा होते, सकाळी 7 आणि दुपारी 2. मला डेटा देणाऱ्या ऑफिसनं नुसता सकाळचा आकडा 'आर्द्रता' म्हणून पाठवला होता. पावसाळ्यात किनारपट्टीला सकाळी सातला रोजच नव्वदच्या आसपास, त्यात मॉडेलला फरक दिसणार कुठून? वर कहर म्हणजे जिथं नोंदच नाही तिथं पावसाच्या रकान्यात 0, म्हणजे दिवस कोरडा गेला की निरीक्षक रजेवर होता, देव जाणे. दुपारचे आकडे मागितले तर 'फॉरमॅटमध्ये एवढंच येतं', मग लेखी अर्ज द्या, अर्ज दिला तर साहेब दौऱ्यावर, साहेब आले तर अर्ज सापडेना... अख्खा सीझन गेला यात. शेवटी एका भल्या क्लार्कनं मूळ रजिस्टरचे फोटो काढू दिले म्हणून सुटलो. तुम्ही पहिल्याच दिवशी रजिस्टर मागा, एक्सेल नको.

साप्ताहिक सरासरीही वापरू नका, हे माझं मत, गाईडला पटेलच असं नाही. उबदार हवेत याची पिढी आठवडाभरात किंवा थोड्या जास्त दिवसांत उरकते, मग मेट वीकची (हवामान नोंदीतल्या ठरलेल्या आठवड्याची) सरासरी घेऊन हाती काय लागणार? आणि त्याच आठवड्याच्या हवामानाशी कोरिलेशन (सहसंबंध) काढून त्याला मॉडेल म्हणायची जी पद्धत पडलीय, त्यावर न बोललेलंच बरं.

दुसरं, लाल कोळ्याचा (हा वेगळा माइट) तयार कोड उचलला असेल तर त्यातल्या वाढीच्या अवस्था तपासा. आपल्या कोळ्याला निंफ (लार्वा आणि प्रौढ यांच्यामधली हिंडती-खाती अवस्था) नसतो. अंडं, लार्वा (पिल्लू), मग निपचित पडलेली अवस्था, की थेट प्रौढ. मिलन न झालेली मादीसुद्धा अंडी घालते, त्यातून नर निघतात आणि ती त्यांच्याशीच मिलन करू शकते, त्यामुळे 'जोडीदार सापडला तरच वाढ' अशी अट असेल तर काढून टाका. के (पिकावर जास्तीत जास्त किती कोळी मावतील ती मर्यादा) स्थिर ठेवू नका, पोटरी (लोंबी अजून पानाच्या आवरणात असते ती अवस्था) ते दुधाळ दाणा तो वाढतो आणि दाणा टणक झाला की कोसळतो. मोजणीला पॉयसन (कोळी सगळीकडे सारखेच विखुरलेत असं धरणारं वितरण) चालणार नाही, एका पर्णकोषात (खोडाला वेढणारा पानाचा भाग) शेकडो आणि शेजारच्यात एकही नाही, म्हणून निगेटिव्ह बायनॉमियल (असे घोळके सांभाळणारं वितरण). (मी स्टॅटिस्टिक्सवाला नाही, तुमच्याकडच्या माणसाला विचारून घ्या.)

जमलं तर स्वस्तातला डेटा लॉगर (तापमान-आर्द्रता आपोआप नोंदवणारं यंत्र) पिकात, भाताच्या पोटरीच्या उंचीवर टांगा, वेधशाळेतली हवा आणि दाट भातातली हवा एक नसते. फक्त वर पांढरी थाळी उलटी बांधा, नाहीतर ऊन लागून भलतंच तापमान येईल.