वाचकांचे प्रश्न : निसर्ग मंडळात जाताना

प्रश्न : जवळच्या निसर्ग मंडळात नाव घालायचं आहे, पण पक्षी-झाडं फारशी ओळखता येत नाहीत. आधी काय शिकून जाऊ?

उत्तर : काहीच नाही, शिकायला म्हणूनच मंडळात जायचं. फक्त वर्गणी भरण्याआधी दोन-तीन फेऱ्यांना पाहुणे म्हणून जाता येईल का, ते विचारा. फेरीप्रमुख नवख्याला खुणा दाखवतो की नुसतं नाव सांगून पुढे जातो, नोंदी कोण ठेवतं, हे पाहा. पक्षी बाहेर यावा म्हणून मोबाइलवर त्याचाच आवाज वाजवणारी किंवा घरट्याशी गर्दी करणारी मंडळी दिसली, तर दुसरं मंडळ शोधा. विणीच्या काळात तो आवाज ऐकून नर हद्द राखायला धावतो आणि पिल्लांना भरवणं मागे पडतं.

प्रश्न : दुर्बीण ८×४२ घ्यावी की १०×५०? भिंगही लागेल का?

उत्तर : ८×४२. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये. दहा पटीत हाताची थरथरही वाढते, दिसणारा पट्टा अरुंद होतो आणि हलता पक्षी सापडत नाही. शिवाय ५० मिलिमीटरची दुर्बीण गळ्यात जड होते. आधी उजवी बाजू झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला स्पष्ट करा. मग डावी झाकून उजव्या डोळ्याकडची कडी फिरवा. हे राहून गेलं की डोळे दुखतात. चष्मा असेल तर डोळ्यांकडच्या वाट्या आत ढकला.

भिंग दहा पटीचं पुरे. ते डोळ्याला जवळजवळ टेकवा आणि फूलच अडीच सेंटिमीटरवर आणा. हात लांब करून धरलं तर त्यातून धड काही दिसत नाही.

प्रश्न : मी रानफुलाची नोंद फोटोसकट दिली, तरी मंडळाने ‘खात्री नाही’ म्हणून बाजूला ठेवली. का?

उत्तर : फोटो बहुधा फक्त फुलाचा असणार. तेवढ्यावरून पुष्कळ वनस्पतींची जाती ठरत नाही. अख्खं झुडूप, खोडावर पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक, पानाची खालची बाजू, फूल समोरून आणि बाजूने, असेल तर फळ, एवढे फोटो हवेत. एकात मोजपट्टी ठेवा. पानाची खालची बाजू हमखास राहते, आणि तिथली लव किंवा ग्रंथीच कित्येकदा निर्णायक ठरते.

वहीत शिसपेन्सिलीने लिहा, शाई पावसात पसरते. तारीख, वेळ, नेमकी जागा, जमीन कशी, रोपं किती हे तिथेच उभं राहून टिपा. नाव सगळ्यात शेवटी. जाती (species) ठरत नसेल तर प्रजातीपाशी (genus, म्हणजे जवळच्या जातींचा गट) थांबा, तीही उपयोगी नोंद आहे. चुकीचं नाव मात्र यादीत एकदा शिरलं की पुढचे लोक तेच उतरवत राहतात. झाड कुणी लावलेलं असेल तर तसं स्पष्ट लिहा.

दुर्मीळ ऑर्किड किंवा घरटं असेल, तर नेमकी जागा फक्त मंडळाच्या नोंदी पाहणाऱ्यांना कळवा. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकताना ठिकाण धूसर करण्याचा पर्याय निवडा आणि फोटोच्या वर्णनात वाटेच्या खुणा देऊ नका.