जंगलातील कार्बनचा अभ्यास कुठे करावा

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

जंगलातील कार्बनचक्रावर संशोधन करण्यासाठी तू विद्यापीठांची यादी पाठवून त्यांचा क्रम विचारला आहेस. माझ्या मते या विषयात विद्यापीठाच्या नावाआधी मोजमापांची जागा पाहावी. पीएच.डी. चार-पाच वर्षांत संपते. खोडातला कार्बन मात्र अनेक दशके, तर मातीच्या खनिजांना चिकटलेला कार्बन कित्येकदा शतके टिकतो. तुझ्या मुदतीत एखादे दुष्काळी वर्ष आले, तर तो अपवाद होता की बदलाची सुरुवात, हे एकट्या तुझ्या नोंदींवरून सांगता येणार नाही.

म्हणून जिथे नोंदी आधीपासून चालू आहेत तिथे शिरकाव मिळव. अमेरिकेतील हार्वर्ड फॉरेस्ट या संशोधन-जंगलातील उपकरणे बसवलेला मनोरा 1990च्या दशकाच्या सुरुवातीपासून जंगल आणि हवा यांच्यातील कार्बन डायऑक्साइडची देवाणघेवाण टिपतो आहे. पनामातील बॅरो कोलोरॅडो बेटावर 50 हेक्टरांतील एक सेंटिमीटर किंवा त्याहून जाड प्रत्येक खोड 1980च्या दशकापासून ठरावीक वर्षांनी मोजले जाते.

मनोऱ्याची विदा (डेटा) हाती आली, तर आधी रात्रीच्या नोंदी उघड. वारा पडला की माती आणि झाडे सोडत असलेला वायू फांद्यांखाली साचतो, उतारावरून निघूनही जातो आणि वरच्या उपकरणापर्यंत पोहोचतच नाही. त्यामुळे अशा रात्रींचे आकडे गाळून ती जागा गणिताने भरावी लागते, आणि गाळण्याची मर्यादा जराशी सरकवली तरी वर्षाचा ताळेबंद बदलतो. शोधनिबंधात याला एक परिच्छेद पुरतो, प्रत्यक्षात महिने जातात.

उपग्रहांकडे सध्या ओढा आहे आणि तो वावगा नाही. पण वरून मिळालेल्या झाडांच्या उंचीचे वस्तुमानात रूपांतर करणारी सूत्रे जमिनीवर, 1.3 मीटर उंचीवर टेप गुंडाळून मोजलेल्या खोडांवरच बेतलेली असतात, आणि मातीतला कार्बन उपग्रहाला दिसत नाही. तुझ्यासाठी मोकळी जागा मला या मातीतच दिसते. ऑस्ट्रेलियातील निलगिरीच्या प्रौढ जंगलात हवेतील कार्बन डायऑक्साइड मुद्दाम वाढवला, तेव्हा प्रकाशसंश्लेषण वाढले, पण लाकूड वाढले नाही. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या हिशेबानुसार जादा कार्बनचा मोठा वाटा श्वसनातून, त्यातही मातीतून, हवेत परतला. प्रत्येक जंगल असेच वागेल असे यावरून म्हणता येत नाही. प्रश्न तिथूनच सुरू होतो.

मार्गदर्शकांना लिहिताना निसर्गाच्या आवडीचे वर्णन नको. त्यांच्या एका निबंधातील कोणता आकडा तुला पटला नाही आणि तो तू कसा तपासशील, हे दहा ओळींत लिही. ‘आर’ या सांख्यिकीसाठीच्या संगणकभाषेत काम येत असेल तर तेही सांग. त्यांच्या विद्यार्थ्यांना स्वतंत्रपणे विचार, की विद्यावेतनाची हमी किती वर्षांची आहे आणि जुनी विदा वापरल्यास शोधनिबंधावर पहिले नाव कोणाचे लागते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देताना कोणी चाचरले, तर ती प्रयोगशाळा यादीत खाली सरकव.

तुझा हितचिंतक