वाचक विचारतात: वर्गणीच्या वहीपासून ट्रस्टपर्यंत

प्रश्न: आमच्या ओळखीच्या अकरा घरांत थॅलेसेमियाची (वरचेवर रक्त द्यावं लागणाऱ्या आनुवंशिक रक्तविकाराची) मुलं आहेत. दर महिन्याला प्रत्येकी पाचशे रुपये काढून त्यातून रिक्षाभाडं, गोळ्या, रक्ताचे फिल्टर असा खर्च भागवतो. आता बाहेरचे लोकही देणगी देऊ म्हणतात, पण पावती मागतात. ट्रस्ट करावा की सोसायटी?
– एक पालक, डांडिया बाजार, बडोदे

उत्तर: ट्रस्ट करा. पण त्याआधी हे लक्षात घ्या की अकरा घरांनी पैसे काढून त्याच अकरा घरांवर खर्च केला, तर ती भिशीसारखी आपापसातली सोय झाली. कायद्याच्या लेखी तो धर्मादाय नव्हे. १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यात वैद्यकीय मदत हा हेतू बसतो, मात्र लाभ सर्वांना खुला हवा. म्हणून डीडमध्ये, म्हणजे ट्रस्ट स्थापनेच्या दस्तात, ‘सभासद कुटुंबांच्या मुलांना मदत करणे’ असं लिहू नका. ‘गुजरात राज्यातील थॅलेसेमिया व अन्य रक्तविकारांच्या रुग्णांना जात, धर्म वा सभासदत्व न पाहता औषधोपचार, प्रवासखर्च व उपकरणे पुरविणे’ असं लिहा. बडोद्यात ज्ञातिमंडळांची जुनी सवय आहे, त्यामुळे ‘आपल्या समाजातील’ हे दोन शब्द नकळत डीडमध्ये शिरतात. एखाद्या जातीपुरता किंवा धर्मापुरता ट्रस्ट असला की प्राप्तिकराची सवलत अडते.

याहून अवघड प्रश्न विश्वस्त कोण, हा. विश्वस्ताच्या स्वतःच्या मुलाचा खर्च ट्रस्टने केला, तर तो विश्वस्ताने घेतलेला लाभ धरला जातो. निदान तेवढी रक्कम करपात्र होते आणि सवलतही धोक्यात येते. तुमच्याकडे तर कामाचा माणूस म्हणजे पालकच! मार्ग असा: पाच-सात विश्वस्तांत बहुतेक बाहेरचे घ्या, उदाहरणार्थ एखादा डॉक्टर, बँकेतून निवृत्त झालेले कुणी, शाळेतल्या बाई. ज्या पालकाला विश्वस्त व्हायचंच आहे त्याने मुलासाठी ट्रस्टचा पैसा घ्यायचा नाही. बाकीचे पालक कार्यकर्ते म्हणून राबू शकतात, त्याला कुणाची आडकाठी नाही.

सोसायटीला किमान सात सभासद, निवडणूक, वार्षिक सभा असं सगळं लागतं. शिवाय गुजरातेत सोसायटीला १८६०च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली एक आणि विश्वस्त कायद्याखाली दुसरी, अशा दोन नोंदण्या कराव्या लागतात. अकरा घरांना हा व्याप कशाला?

डीड झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत चॅरिटी कचेरीत, म्हणजे धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात, शेड्यूल दोनच्या नमुन्यातला नोंदणीचा अर्ज द्यायचा. सोबत डीड, विश्वस्तांची संमतिपत्रं, ओळखपत्रं, सुरुवातीच्या निधीचा तपशील, कार्यालयाच्या जागेचं लाइटबिल किंवा वेराबिल (घरपट्टीचं बिल) आणि जागामालकाचं ना-हरकत पत्र. अर्ज अडतो तो बहुधा या शेवटच्या कागदावर. जुन्या वाड्यांतलं लाइटबिल कधीच वारलेल्या आजोबांच्या नावावर असतं, मग सही कुणाची घेणार? अशी जागा दाखवण्यापेक्षा ज्याचं बिल स्वतःच्या नावावर आहे अशा विश्वस्ताचा पत्ता द्या. डीडमधलं आणि आधारवरचं नाव अक्षरशः एकच हवं. घरात ‘अण्णा’ असतील, डीडमध्ये नकोत. ट्रस्ट बंद पडल्यास शिल्लक तशाच हेतूच्या दुसऱ्या ट्रस्टला जाईल, विश्वस्तांत वाटली जाणार नाही, हे कलम विसरू नका. प्राप्तिकरवाले ते आधी शोधतात.

नोंदणीनंतर ट्रस्टचा पॅन, मग बँक खातं, मग प्राप्तिकराकडे अर्ज. ट्रस्टच्या उत्पन्नाला सवलत देणाऱ्या नोंदणीला लोक अजून ‘बारा-ए’ आणि देणगीदाराला वजावट देणाऱ्या मान्यतेला ‘ऐंशी-जी’ म्हणतात. १ एप्रिल २०२६पासून प्राप्तिकराचा २०२५चा कायदा लागू असल्याने कलमांचे नंबर बदललेत, तेव्हा जुना नमुना उतरवू नका. पहिली नोंदणी बहुधा तात्पुरती, तीन वर्षांची मिळते. इथे बरेच जण फसतात. तीन वर्षं हातात आहेत असं समजून बसतात. प्रत्यक्षात काम सुरू झाल्यापासून सहा महिने किंवा मुदत संपायला सहा महिने उरण्याचा दिवस, यांत जे आधी येईल तोवर नियमित नोंदणीचा अर्ज जायला हवा. तुमचं काम तर सुरूच आहे.

देणगीदारांनाही स्पष्ट सांगा: ऐंशी-जीची मान्यता मिळण्याआधीच्या पावतीवर वजावट नाही, २००० रुपयांवरच्या रोख देणगीवर नाही, आणि देणगीदाराने नवी कररचना घेतली असेल तर मुळीच नाही.

प्रश्न: आमचा थॅलेसेमियाच्या पालकांचा गट इंजेक्शनचे पंप (औषध हळूहळू शरीरात सोडणारं छोटं यंत्र) २००० रुपये अनामत घेऊन वापरायला देतो. उरलेल्या गोळ्याही एकमेकांना देतो. ट्रस्ट झाल्यावर हे चालेल?
– मांजलपूर, बडोदे

उत्तर: पंप चालेल. अनामत हे उत्पन्न नाही, ते देणं आहे. तिचं वेगळं खातं घाला आणि पावतीवर ‘परत करावयाची अनामत’ असं लिहा. पंपाचा अनुक्रमांक, दिल्याची तारीख आणि पंप चालू स्थितीत असल्याची सही एकाच ओळीत हवी, नाहीतर पंप बंद होऊन परत आला की कुणाकडे बिघडला यावरून वाद होतो. अनामत रोखीने परत करताना मात्र सही घ्याच.

गोळ्यांचं तसं नाही. वरचेवर रक्त दिल्याने शरीरात साठलेलं लोह काढणाऱ्या गोळ्यांचा डोस मुलाच्या वजनावर ठरतो. मूल वाढलं की डोस बदलतो आणि कमी ताकदीच्या पट्ट्या घरात उरतात. म्हणूनच ही देवघेव सुरू होते. पण ट्रस्टच्या नावाने औषधं साठवणं आणि वाटणं परवान्याशिवाय चालत नाही. त्याऐवजी रुग्णाच्या नावाची चिठ्ठी आणि दुकानाचं बिल घेऊन पैसे थेट दुकानदाराच्या खात्यात भरा. ऑडिटलाही हेच सोपं जातं.

प्रश्न: आमच्या ट्रस्टचे चिटणीस पुण्याला गेले, राजीनामाही दिला. बँकेत आम्ही नवी सही देऊन टाकली. आणखी काही करायचं राहिलं का?
– रावपुरा, बडोदे

उत्तर: राहिलं. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत चॅरिटी कचेरीत बदल अर्ज द्यावा लागतो. सोबत राजीनामा, सभेची नोटीस, ठराव आणि नव्या माणसाची संमती जोडा. तो मंजूर होईपर्यंत कचेरीच्या नोंदवहीत जुनेच चिटणीस राहतात, आणि पुढच्या वेळी बँकेने नोंदवहीचा उतारा मागितला तर तुमची नवी सही उघडी पडेल. मुदत गेली असेल तर उशीर माफ करण्याचा अर्ज, कारणासह, त्याच दिवशी जोडा.