चांगल्या टॉर्चचा छंद लागतो कसा? ठाण्यात राहतो, सुरुवात कुठून करू?

एकच टॉर्च सगळी कामं करत नाही हे कळलं की दुसरी घरात येते, आणि छंद तिथूनच लागतो. सुरुवात १८६५० या रिचार्जेबल लिथियम सेलवर चालणाऱ्या एकाच टॉर्चने करा. दूरच्या झोताची टॉर्च उपवन तलावाचा पलीकडचा काठ दाखवते, पण लाइट गेल्यावर तीच घेऊन मीटरबॉक्स उघडलात तर डोळे दिपतात. तिथे पसरट उजेड हवा. मग रंगांचं वेड: सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा १०० पैकी आकडा) ९०च्या वर असेल तर लाल आणि तपकिरी वायर चटकन वेगळ्या ओळखू येतात. माझ्या मते हे लुमेनपेक्षा, म्हणजे एकूण उजेडाच्या मापापेक्षा महत्त्वाचं. खोक्यावर छापलेले लुमेन बऱ्याचदा काही मिनिटांपुरतेच असतात, कारण टॉर्च तापली की सर्किट उजेड उतरवतं.

पहिल्या खरेदीत एवढं बघा:
- उजेडाची छटा ४००० ते ५००० केल्विन, म्हणजे ना फार पिवळी ना फार निळसर
- सेलची क्षमता ३५०० एमएएचच्या आसपास. ९९०० छापलेला सरळ नकली
- पावसाळ्यासाठी आयपीएक्स८ (पाण्यात बुडाली तरी टिकणारी), आणि पाणी अडवणाऱ्या रबरी रिंगला सिलिकॉन ग्रीस

मात्र संग्रह वाढला की पडून असलेले सेल पूर्ण चार्ज करून ठेवू नका, लवकर खराब होतात, ३.७ व्होल्टच्या आसपास ठेवा.