पॅरिश: मंडळी की शीव?

प्रश्न एका भाषांतरकर्तीचा आहे. इंग्रजी कादंबरीतल्या एका गावाचा म्हातारा व्हिकर, म्हणजे तिथल्या चर्चचा धर्मगुरू, वारतो आणि त्याच्या दफनविधीला, जन्मात चर्चची पायरी न चढलेले 'पॅरिशनर'सुद्धा लोटतात. बाईंनी लिहिलं, 'मंडळीचे कधीही चर्चमध्ये न आलेले सभासद'. संपादकांनी समासात प्रश्नचिन्ह काढलं: 'कधी आलेच नाहीत तर सभासद कसले?' बाई विचारतात, आता पॅरिशला मराठीत म्हणायचं तरी काय? आणि व्हिकरला पाद्री चालेल का?

संपादकांची शंका रास्त आहे आणि कादंबरीकाराचंही काही चुकलेलं नाही. घोटाळा 'सभासद' या शब्दाने केलाय. चर्च ऑफ इंग्लंडमधला पॅरिशनर कशाचाच सभासद नसतो. तो फक्त राहत असतो.

इंग्लंडमध्ये पॅरिश म्हणजे आधी जमीन, मग माणसं. जवळजवळ सगळा देश या हद्दींमध्ये वाटून टाकलेला आहे, आजच्या घडीला साधारण साडेबारा हजार पॅरिश आहेत. तुमचं घर ज्या हद्दीत, त्या पॅरिशचे तुम्ही पॅरिशनर. मग तुम्ही नास्तिक असा, मेथडिस्टसारख्या दुसऱ्या पंथाचे असा, नाहीतर पुण्याहून नोकरीसाठी जाऊन तिथे भाड्याने राहिलेले असा. हद्दीत राहणाऱ्याला त्या चर्चमध्ये लग्न लावून घ्यायचा हक्क आहे, आणि आवारातल्या दफनभूमीत जागा असेल तर तिथे विसावण्याचाही. देवावर विश्वास आहे का, हे कुणी विचारत नाही. व्हिकरची जबाबदारी हद्दीतल्या सगळ्यांची, रविवारी समोर बसलेल्या तीसचाळीस डोक्यांचीच नव्हे.

म्हणून 'मंडळी' इथे बसत नाही. मराठी बायबलमुळे तो शब्द प्रोटेस्टंट घरांत पक्का रुजला आहे, पण मंडळी म्हणजे जमलेली माणसं. (आमच्या मागच्या पिढीत 'आमची मंडळी' म्हणजे बायको, तो अर्थ निराळा.) पॅरिशच्या जवळ जाणारा खरा मराठी शब्द मला विचाराल तर 'शीव'. गावाची शीव. मुंबईच्या ज्या स्टेशनला इंग्रजांनी सायन करून टाकलं, तीच.

शीव म्हणजे काय, हे डर्बीशरमधल्या ईम गावाइतकं स्वच्छ मी दुसरीकडे कुठे पाहिलं नाही. 1665 च्या सप्टेंबरात लंडनहून आलेल्या कापडाच्या गाठोड्यातून तिथल्या शिंप्याच्या घरात प्लेग शिरला असं सांगतात. गावाचा रेक्टर, म्हणजे धर्मगुरू, विल्यम मॉम्पेसन तरुण होता, नवा होता. त्याच्या आधीचा थॉमस स्टॅन्ली धार्मिक मतभेदांपायी पदावरून गेलेला, पण लोकांचा त्याच्यावर जास्त जीव. त्या दोघांनी मिळून लोकांकडून कबूल करून घेतलं की रोग जाईपर्यंत कुणी शीव ओलांडायची नाही. चर्च बंद करून प्रार्थना उघड्यावर, एका घळीत व्हायच्या, माणसांनी एकमेकांपासून लांब उभं राहायचं. शेजारच्या स्टोनी मिडलटनच्या वाटेवर एक दगड आहे, वर सहा भोकं पाडलेली. भोकांत व्हिनेगर, व्हिनेगरमध्ये नाणी. पलीकडच्यांनी धान्य ठेवायचं, नाणी घेऊन जायचं. वर्षभरात अडीचशेच्या वर माणसं गेली, त्यांत मॉम्पेसनची बायको कॅथरिनही. अजूनही ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी त्यांच्या आठवणीची उपासना होते. मी तो दगड पाहायला गेलो तेव्हा भोकांत पावसाचं पाणी होतं आणि पाण्यात कुणीतरी टाकलेली दोन-तीन पेनी. त्या दगडाजवळ उभं राहिल्यावर पॅरिशला 'सभा' म्हणायचं धाडस होत नाही.

शीव लक्षात राहावी म्हणून पूर्वी वसंतात, येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणाच्या सुमारास सगळं गाव हद्दीवरून चालायचं. पुढे पाळक, मागे पोरं, हातात विलोच्या काठ्या. हद्दीचा दगड आला की काठ्यांनी बडवायचा. पोरांच्या पाठीतही एखाददुसरी बसायची, जन्मभर जागा विसरू नये म्हणून. नकाशे नव्हते तेव्हा पोरांच्या पाठी हेच दप्तर. ऑक्सफर्डच्या सेंट मायकल चर्चची मिरवणूक अजून निघते, आणि मध्ये दुकानं उभी राहिली आहेत म्हणून दुकानांच्या आतून जाते.

गंमत अशी की शब्दाचं मूळ याच्या बरोबर उलटं आहे. ग्रीक 'पारोइकोस' म्हणजे शेजारी येऊन राहिलेला परका, गावात घर आहे पण गावचा नाही असा. आपल्या जुन्या महसुली भाषेत त्याला चोख शब्द आहे: उपरी. मिरासदार तो मुळचा, उपरी तो बाहेरून येऊन कसणारा. पहिल्या शतकांतले ख्रिस्ती स्वतःला या जगात उपरी समजत, म्हणून त्यांच्या वस्तीला 'पारोइकिया' म्हणू लागले. लॅटिन, फ्रेंच अशी वळणं घेत शब्द इंग्लंडात पोचला तोवर त्याचा अर्थ झाला होता पिढ्यान्‌पिढ्या न हललेलं गाव. आणि 'पॅरोकियल' म्हणजे तर कूपमंडूक! उपऱ्याचा मिरासदार झाला, मग त्याच्या मिरासदारीची चेष्टाही झाली.

आता व्हिकर. मराठेशाहीची कागदपत्रं चाळणाऱ्याला हा शब्द एका क्षणात कळेल, कारण व्हिकर म्हणजे मुतालिक. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थच 'दुसऱ्याच्या जागी काम पाहणारा'. पॅरिशच्या उत्पन्नाचा दशांश चर्चला जायचा, आणि तो सगळा ज्याच्याकडे जमा व्हायचा तो रेक्टर, म्हणजे वतनदार. पुष्कळ ठिकाणी हे वतन एखाद्या मठाकडे असायचं. मठ धान्याचा मोठा दशांश स्वतः ठेवायचा आणि गावात प्रार्थना चालवायला मुतालिक नेमून त्याला बारीकसारीक दशांश लावून द्यायचा. आठव्या हेन्रीने 1530 च्या दशकात मठ मोडले तेव्हा यांतली कितीतरी वतनं जमीनदारांनी घेतली. वतन आलं तशी जबाबदारीही आली, चर्चच्या वेदीकडच्या भागाची डागडुजी करायची. ती जमिनीला इतकी चिकटून बसली की 2003 मध्ये वॉरिकशरमधल्या एका शेताच्या मालक जोडप्याला हाऊस ऑफ लॉर्ड्सने सांगितलं, शेत तुमचं आहे ना, मग चर्चच्या दुरुस्तीचा खर्चही तुमचा. इनामाच्या भानगडी काही एकट्या देशावरच्या नाहीत.

क्युरेट हा त्यांचा मदतनीस. त्या नावातल्या 'क्युअर'चं भाषांतर 'उपचार' असं केलेलं मी छापील पुस्तकात वाचलंय. तो उपचार नव्हे. लॅटिन 'कुरा' म्हणजे काळजी, आत्म्यांची राखण.

'पाद्री' तेवढा टाळा. पोर्तुगीज 'पाद्रे'वरून आलेला शब्द चांगल्या कुळातला आहे, पण मराठीत त्याला बाहेरून बघणाऱ्याचा वास लागला आहे. ख्रिस्ती माणूस आपल्या धर्मगुरूला क्वचितच तसं म्हणतो. प्रोटेस्टंट घरात 'पाळक', कॅथलिक घरात 'फादर'. गोव्याने मात्र बहार केली आहे. कोकणीत 'विगार' आहे, तोच व्हिकर, पोर्तुगिजांच्या तोंडून आलेला. आणि पॅरिशला 'फिर्गज' आहे. ज्या पोर्तुगीज शब्दावरून तो आला त्याच्या मुळाशी आहे 'चर्चचा पुत्र'. म्हणजे गोव्याच्या शब्दात माणूस आहे आणि इंग्लंडच्या शब्दात जमीन.

मग आपल्याकडे, महाराष्ट्रात, हा शब्द का रुजला नाही? इंग्रजांचं चर्च तर चांगलं तीनशे वर्षं इथे आहे. मुंबईचं सेंट थॉमस 1718 च्या नाताळात उघडलं, आणि त्याच्याकडे जाणारा कोटाचा दरवाजा तो चर्चगेट. पण ते होतं कंपनीच्या गोऱ्या लोकांसाठी. मराठी माणसाला अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतलं, चर्च भेटलं ते मिशन म्हणून. मिशनला शीव नसते, कंपाउंड असतं. पुण्याचं पंचहौद मिशन घ्या. ऑक्सफर्डजवळच्या काऊलीहून आलेले फादर तिथे होते. नीलकंठशास्त्री गोरे, ख्रिस्ती झाल्यावरचे नेहेम्या गोरे, त्यांच्याच संघात गेले. 1885 चं त्यांचं चर्च गुरुवार पेठेत आजही उभं आहे, आणि त्याचं मराठी नाव ऐका: पवित्र नाम देवालय. चर्च नाही, मंदिर नाही, देवालय. उंच मनोऱ्यात आठ घंटा. पण पुण्याला पंचहौद म्हटलं की आठवतो तो 1890 च्या ऑक्टोबरातला मिशनऱ्यांकडचा चहा, जो टिळक-रानड्यांसकट बऱ्याच जणांसमोर ठेवला गेला आणि पुढे ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचा वाद, माजलं. ग्रामण्यात 'ग्राम' आहे खरं, पण निवाड्याला गाव नव्हतं बसलेलं, जात बसली होती. अशा ठिकाणी 'इथे राहतो तो आमचा' असं म्हणणारा शब्द कुठून रुजणार? रुजला 'मंडळी', म्हणजे आपली जमलेली माणसं. पुढे 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात अँग्लिकन आणि इतर काही चर्चेस एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. आपापली भाषा घेऊन आलेली ही घरं, त्यामुळे पाळक, मंडळी, उपासना हेच शब्द आता सगळ्यांचे झाले आहेत.

वसईच्या कॅथलिकांनी मात्र पॅरिशला 'धर्मग्राम' केलं आणि तो रोज वापरून गुळगुळीत केला. मला हा शब्द फार आवडतो, कारण त्यात गाव आहे. तो कॅथलिकांचा म्हणून अँग्लिकन कादंबरीत नको, असा आक्षेप कुणी घेईल. रोम आणि कँटरबरी यांचं भांडण पॅरिश या कल्पनेवरून कधीच नव्हतं, तेव्हा बिनधास्त वापरा.

अडेल ते दुसरीकडेच. इंग्लंडच्या खेड्यात 'पॅरिश कौन्सिल' दिसली की तिला चर्चची समिती करू नका, ती चक्क ग्रामपंचायत आहे. पूर्वी गावचा सगळा कारभार, 1601 च्या कायद्याने गरिबांना पोसण्याचा खर्चसुद्धा, चर्चमधूनच चालायचा. धर्मगुरूंचे झगे ठेवायच्या खोलीत, म्हणजे व्हेस्ट्रीत बैठक बसायची, म्हणून त्या पंचायतीचंच नाव व्हेस्ट्री. चावडीसारखंच, जागेचं नाव कारभाराला. 1894 च्या कायद्याने रस्ते-गटारं एकीकडे आणि देव दुसरीकडे झाला. चर्चची समिती वेगळी असते आणि तिच्या नावात 'चर्च' हा शब्द असतोच, तेवढी खूण पुरे.

तसंच 'कॉमन प्रेअर'चं. 1549 साली पहिल्यांदा निघालेलं आणि 1662 च्या रूपात स्थिरावलेलं ते प्रार्थनेचं पुस्तक. तिथे कॉमन म्हणजे सामान्य नाही, साधारणही नाही. सामायिक. सामायिक विहीर असते तसं, राजाने आणि गवळ्याने एकाच रविवारी एकच शब्द म्हणायचे.

डर्बीशरमधल्याच आणखी एका लहान चर्चच्या ओसरीत मी पावसासाठी थांबलो होतो. भिंतीवर दोन कागद टाचलेले. एकावर फुलांची यादी, कुठल्या रविवारी वेदीपाशी फुलं कोण ठेवणार त्याची. लेंटचे आठवडे कोरे, कारण त्या उपासाच्या दिवसांत फुलं ठेवत नाहीत. आपल्या गुरवाच्या घरात देवळाची पाळी असते ना, अगदी तीच पाळी, तेव्हा 'रोटा'साठी शब्द शोधत बसू नका. दुसऱ्यावर एका जोडप्याची नावं, 'या पॅरिशचा' आणि 'या पॅरिशची' असं लिहून. लग्नाआधी तीन रविवार ही नावं चर्चमध्ये मोठ्याने वाचतात आणि कुणाची हरकत असल्यास सांगा म्हणतात. आतल्या बाकांपुढे गुडघे टेकायच्या उशा होत्या, गावातल्या बायकांनी भरलेल्या. एकीवर ट्रॅक्टर होता.

तर बाई, तुमचं वाक्य मी असं लिहीन: 'जन्मात चर्चची पायरी न चढलेले गावकरीही त्याला मूठमाती द्यायला आले, तेही त्याच्याच धर्मग्रामातले.' आधी 'गावकरी' आणि मग 'धर्मग्राम', म्हणजे संपादकांचं प्रश्नचिन्ह आपोआप गळून पडेल. व्हिकरला निवेदनात व्हिकरच ठेवा, मुतालिक लिहाल तर वाचक पेशवाईत जाईल. गावकऱ्यांच्या तोंडी मात्र 'पाळकसाहेब' शोभेल. आणि विधी चालवणाऱ्या धर्मगुरूने कबरीपाशी 'डिअरली बिलव्हड' अशी जमलेल्यांना हाक मारली असेल, तर 'प्रिय प्रियजनहो' लिहू नका, नुसतं 'प्रियजनहो'.