याद्यांत न आलेली ओळ

प्रिय भगिनी,

मार्गशीर्षात तुमचे लग्न आहे. त्याआधी दोघांनी विवाहपूर्व समुपदेशन घ्यावे, असे तुम्हाला वाटते. मात्र ‘आपले भांडण तरी कुठे झाले आहे?’ असे तुमचे नियोजित पती म्हणतात आणि ‘मुलात काही खोट दिसली का?’ असे त्यांच्या आईंनी विचारले, म्हणून आपलेच चुकते आहे का, अशी शंका तुम्ही कळवली आहे. तुमचे चुकत नाही. वसईच्या कॅथलिक कुटुंबांत लग्नाआधी दोघांनी विवाहपूर्व शिबिराला जाण्याचा रिवाजच आहे आणि त्यात कोणाला खोट दिसत नाही, हे सासूबाईंना जरूर सांगा.

तुमचे 36 पैकी 28 गुण जुळले, याद्या झाल्या, मानपानाच्या साड्यांपासून वऱ्हाडाच्या बसभाड्यापर्यंत सारे कागदावर उतरले. पण वडील गेल्यापासून तुम्ही आईला दरमहा 12,000 रुपये देता, पुढेही देणार आहात आणि हे नियोजित पतींना अजून सांगितलेले नाही, असे तुम्ही पत्राच्या अगदी शेवटी, एका ओळीत लिहिले आहे. मला तीच ओळ सर्वांत महत्त्वाची वाटली. त्यांच्या पगारातून घराचा हप्ता जातो. त्या हिशेबात तुमचा पगार धरलेला आहे का, हे तुम्हालाही ठाऊक नाही. चांगला समुपदेशक असेच प्रश्न दोघांपुढे ठेवतो.

अमेरिकेतील चार राज्यांतील पाहणीचे निष्कर्ष 2006 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात विवाहपूर्व मार्गदर्शन घेतलेल्यांमध्ये समाधान अधिक आणि घटस्फोटाची शक्यता सुमारे 31 टक्क्यांनी कमी आढळली. अर्थात, असे मार्गदर्शन घेणारी जोडपी मुळातच नात्याविषयी गंभीर असू शकतात, त्यामुळे याला सुखाची हमी समजू नका. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांच्या अभ्यासानुसार तर जोडप्यांतले सुमारे 69 टक्के मतभेद कायमचेच असतात. त्यांविषयी एकमेकांना न दुखावता बोलता येणे, हे समुपदेशनातून शिकता येते.

समुपदेशक मानसशास्त्राचे किंवा समाजकार्याचे शिक्षण घेतलेला असावा आणि तुमचे बोलणे त्याने दोन्ही घरांपासून गुप्त ठेवावे. ‘मुलीने जुळवून घ्यायचे असते’, असे कोणी पहिल्याच भेटीत सांगितले, तर दुसरा समुपदेशक शोधा.

आईच्या पैशांची गोष्ट मात्र त्या भेटीसाठी राखून ठेवू नका. लग्नपत्रिका छापायला जाण्याआधी त्यांना सांगा. आणि ‘दिले तर चालतील का?’ असे न विचारता, ‘मी देणार आहे, आपला महिन्याचा खर्च कसा बसवायचा?’ असे विचारा.